मेतोदीच्या यंत्रातली तारीख

मेतोदी हा माणूस मला कधी फारसा आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. शेजारी म्हणून वाईट नाही. बर्फ पडला की माझ्या दारापुढचाही तोच खरवडतो. पण तोंडाने कडू, मनाने हट्टी, आणि क्षमा मागायची वेळ आली की त्याची जीभ जागची हलत नाही. त्याचं दुकान आणि माझं दुकान एकाच भिंतीला लागून आहेत. तो शोकपत्रं छापतो, मी फुलं, हार आणि मेणबत्त्या विकते. गावात कोणी गेलं की घरचे रडत रडत त्याच्या दारात शिरतात आणि डोळे पुसत माझ्या. एरवी आमच्याकडे मुद्दाम कोणी येत नाही.

शोकपत्राला आम्ही नुसता कागद म्हणतो. वर फोटो, खाली नाव, जन्माची तारीख, गेल्याची तारीख, चार ओळी, आणि सगळ्यात शेवटी शोकाकुल कोण कोण ते. तो दारावर लावायचा, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा, आणि पुढे दर वर्षी, लावणारं कोणी उरलेलं असेपर्यंत. टायरचा कारखाना बंद पडल्यापासून गाव रिकामं होत गेलं. आता भिंतींवर जेवढे चेहरे दिसतात तेवढे रस्त्यावर दिसत नाहीत. धंदा म्हणावा तर आमचा दोघांचाच काय तो चालतो, आणि त्याचं मला सुख नाही.

मेतोदी त्या कारखान्यात नकाशे काढायचा. कारखाना बुडाला तेव्हा कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पितळी नळ उखडले, एकाने तर संडासाचं दार नेलं. मेतोदीने कचेरीतला कॉम्प्युटर उचलला आणि हातगाडीवर घालून, ब्लँकेट पांघरून घरी आणला. त्यावर विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. कारखान्यातल्या एका इंजिनिअरने त्याला शोकपत्रं बनवायचा प्रोग्राम लिहून दिला आणि तो कॅनडाला निघून गेला, तो गेलाच. त्या यंत्रावर मेतोदीने सगळं गाव पुरलं. माझा नवरा त्यातच आहे, माझी आई त्यातच, आणि मला गणित शिकवणारे मास्तरही.

प्रोग्राममध्ये एकच खोट होती. गेल्याची तारीख घातल्याशिवाय तो कोणाला आत ठेवून घ्यायचा नाही. मेलेल्यांच्या बाबतीत याची अडचण नव्हती. अडचण जिवंतांची झाली.

पोरं स्पेनला, इटलीला, जर्मनीला जायला लागली तशी म्हातारी माणसं आपापला कागद आधीच करून ठेवायला लागली. यात हसण्यासारखं काही नाही. पोरगा आला तर दोन दिवसांसाठी येणार, त्याला आईचा चांगला फोटो कुठे आहे हे ठाऊक नसणार, आणि मग घाईघाईत पासपोर्टावरचा फोटो लागणार, ज्यात बाई पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा आपणच जावं, केस रंगवून जावं, आणि हवं ते लिहून घ्यावं.

पलीकडच्या गल्लीतली त्रेंदाफिलका मेतोदीकडे कागद करायला आली होती तेव्हा मी तिथेच होते.

"मला हसताना घे," ती म्हणाली. "घरात असताना नवऱ्याने कधी हसू दिलं नाही, निदान खांबावर तरी हसू दे."

"शोकाकुल कोण घालू?"

"मुलगा प्लामेन."

"आणि सून?"

"तिला शोक होतो का बघ आधी. झाला तर पेनाने लिही."

आता हिला तारीख कोणती घालायची? मेतोदीने आपल्या डोक्याने तोड काढली होती. तो प्रत्येक जिवंत माणसाला एक मार्च दोन हजार चोवीस घालायचा. एक मार्चला आमच्याकडे सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि म्हणतात, वर्षभर धडधाकट राहा, टवटवीत राहा. म्हणून दिवस शुभ. आणि साल असं धरलं होतं की तोवर कोण जगतंय. पहिला कागद त्याने स्वतःचाच केला, प्रोग्राम चालतो का ते बघायला. सूट घालून फोटो, आणि खाली शोकाकुल पत्नी नेव्हेना, मुलगी इस्क्रा. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. नेव्हेना म्हणाली होती, मी नाही रडणार, मी नाचायला जाईन.

पुढे वर्षं गेली, तरी मेतोदी नव्याने येणाऱ्या जिवंतांना तीच तारीख घालत राहिला. त्याला कारण होतं. त्या यंत्राच्या पोटातला घड्याळाचा सेल कधीच मेला होता. रोज सकाळी बटण दाबलं की यंत्राला वाटायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे नव्याण्णव. पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहूनही यायचं. मेतोदी त्याच्यापुढे बसायचा तेव्हा दोन हजार चोवीस कायम पंचवीस वर्षं लांब असायचं. खरा कोणी मेला की खरी तारीख तो हाताने घालायचा आणि तीत त्याची चूक होत नसे.

आता इस्क्राचं सांगते, कारण तेच सांगायचं आहे.

इस्क्रा त्यांची एकुलती एक. शिकली, नोकरी मिळेना, स्पेनमध्ये मुर्सियाला गेली. तिथे एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईला सांभाळायची. न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, रात्री उठून बसवायचं. त्याच सुमारास इकडे नेव्हेना अंथरुणाला खिळली. इस्क्रा फोनवर रडायची, सुट्टी देत नाहीत म्हणायची, पुढच्या महिन्यात येते म्हणायची. मेतोदी फोन कानापासून लांब धरून मला ऐकवायचा.

"ऐक. दुसऱ्याच्या आईचं हागमूत काढते आणि आपल्या आईला पुढचा महिना सांगते."

नेव्हेनाने पुढच्या महिन्याची वाट पाहिली नाही. फेब्रुवारी संपता संपता ती गेली, आणि मेतोदीने आपल्या बायकोचा कागद स्वतः बसून केला. शोकाकुल, पती मेतोदी, बहीण स्तानिमिरा. बस. मुलीचं नाव घातलंच नाही. तो कागद त्याने खांबावर लावला, बेकरीवर लावला, बसथांब्यावर लावला. मी त्याला म्हटलं, "मेतोदी, वेडा झालास का? पोरगी वाटेत आहे."

"आली की बघेल," तो म्हणाला.

तिने बघितलं. विदिनहून येणाऱ्या सकाळच्या बसमधून उतरली ती त्या कागदासमोरच उतरली. आमच्या गावात माणसाचं नाव शोकाकुलात नसणं म्हणजे काय, हे परक्याला नाही कळायचं. सगळं गाव वाचतं. मेलेल्याचं नाव एक वेळ वाचणार नाही, पण खाली कोण आहे आणि कोण नाही ते आधी वाचतं. मी माझ्या दारातून पाहत होते. ती खूप वेळ उभी राहिली, मग सरळ माझ्याकडे आली. पांढरी कार्नेशनं मागितली, सहा. दफनाला गेली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली, आणि घरी न जाता परतीच्या बसने निघून गेली. ते शेवटचं. मेतोदीने नंतर फोन लावले, तिने उचलले नाहीत. मग त्यानेही लावणं सोडलं, कारण त्याला वाटलं, आपण केले तेवढे पुरे.

पण पुढच्या वर्षीच्या कागदावर इस्क्राचं नाव आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेही स्वतःच्या नावाच्या आधी घालायचा. पण कागद लावायचा तो फक्त आपल्याच दारावर.

"इथे लावून काय उपयोग?" मी एकदा म्हटलं. "ती काय मुर्सियातून दुर्बीण लावून बघणार आहे? पत्र लिही."

"काय लिहू?"

"जे वाटतं ते."

"मला लोकांचं लिहिता येतं," तो म्हणाला आणि आत गेला. मला त्याचा असा संताप आला की दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही.

हे असं चालू असताना गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेचा बोझिदार उगवला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, स्वभावाने भला. नगरपालिकेचे सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. गावाचं इंटरनेटवर पान काढलं होतं, त्यावर शोकपत्रंही चढवायची होती, आणि गावाचे सगळे मेलेले मेतोदीच्या त्या यंत्रात अडकून पडले होते. त्याला पेनड्राइव्ह लावायला भोक नव्हतं. छापायचा प्रिंटरही असा, की त्याची केबल आता कुठेही मिळत नाही.

"काका, या विंडोजला आता कोणी वाली नाही," बोझिदार म्हणाला. "कंपनीने कधीच हात काढून घेतलाय. उद्या बिघडलं तर जगात कोणी हात लावणार नाही."

"माझ्यावरून कारखान्याने कधीच हात काढून घेतलाय. मी बिघडलोय का?"

"बराचसा," मी माझ्या दारातून म्हटलं.

"तू तुझे हार बांध."

"नव्यावर दर महिन्याला सुधारणा येतात, आपोआप."

"माझी माणसं मेलेली आहेत. त्यांच्यात काय सुधारणा करणार तू?"

"अहो, व्हायरस शिरला तर सगळं जाईल."

"शिरेल कुठून? भिंतीतली वीज सोडली तर कशाला जोडलंच नाही मी याला."

"आणि हे घड्याळ बघा. नव्याण्णव साल! सेल तरी बदला, एका कॉफीच्या किमतीत येतो."

"आजची तारीख मला ठाऊक आहे. याला सांगून काय करू?"

बोझिदार तीन-चारदा आला आणि तसाच गेला. आता खरं सांगायचं तर त्याचंही चूक नव्हतं. यंत्राच्या आत काहीतरी कुरकुर वाजायला लागलं होतं. एकदा तर ते दुपारपर्यंत सुरूच झालं नाही, आणि एक बाई नवऱ्याचा फोटो छातीशी धरून माझ्या स्टुलावर बसून राहिली. मेतोदी यंत्राला थोपटत होता, हळू आवाजात शिव्या देत होता. शेवटी ते सुरू झालं, पण मेतोदीच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. तरी तो म्हणाला, "थंडी आहे, म्हणून."

पुढच्या वेळी बोझिदार कंटाळून, जाता जाता बोलून गेला, "तुमची मर्जी. पण बाहेरची पोरं ते पान रोज बघतात हो. सकाळी उठून पहिलं तेच. मुर्सियातूनच किती जण उघडतात, मला इथे दिसतं."

मेतोदीचा हात थांबला.

"मुर्सियातून?"

"तिथे तर अर्धं गाव आहे आपलं."

"आणि वर्षाचे कागद? म्हणजे दहा वर्षं झाली कोणाला, तर तेही दिसतात?"

"सगळे. ज्याची तारीख येईल त्याचा कागद आपोआप पानावर चढतो. चाळीस दिवस, वर्ष, दहा वर्षं, सगळं त्याचं तो मोजतो. तुम्हाला काही करायलाच नको."

एरवी हे शेवटचं वाक्य ऐकून मेतोदीने त्याला दाराबाहेर काढलं असतं. कारखाना विकला तेव्हाही आम्हाला हेच सांगितलं होतं, की तुम्हाला काही करायला नको. पण फेब्रुवारी तोंडावर आला होता, नेव्हेनाला दहा वर्षं होत होती, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती. इस्क्रा सकाळी उठेल, फोन उघडेल, आईचा कागद बघेल आणि खाली आपलं नाव वाचेल. दहा वर्षांपूर्वी जे सगळ्या गावाला दिसलं ते आता सगळ्या गावाला उलटं दिसेल. तोंडाने काही बोलायला लागणार नाही. असा हा माणूस.

बोझिदार नवं यंत्र घेऊन आला. जुन्याचं पोट उघडलं, आतली डिस्क काढली, कुठल्याशा तारेने जोडली आणि सगळं गाव इकडून तिकडे नेलं. दोन दिवस तो तिथेच जेवला. मीच त्यांना चीज भरलेली बनित्सा भाजून, दह्याबरोबर नेऊन देत होते.

"तारखा सगळ्या नीट आहेत ना काका?" त्याने निघताना विचारलं.

"पंचवीस वर्षांत माझी एक तारीख चुकलेली नाही," मेतोदी म्हणाला. जरा फुगूनच म्हणाला. जिवंतांची आठवण त्याला झालीच नाही. त्याच्या मनात एकच बाई होती, आणि ती मेलेली होती.

नेव्हेनाचा कागद त्याने चार-पाच वेळा करून मोडला. फोटो बदलला, ओळी बदलल्या. शेवटी एकही ओळ ठेवली नाही. फक्त दहा वर्षं, नाव, आणि खाली शोकाकुल, मुलगी इस्क्रा, पती मेतोदी. ठरलेल्या दिवशी तो सकाळी पानावर चढला. बोझिदारने आपल्या फोनवर दाखवला. मेतोदीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मुर्सियात आता किती वाजले?"

"आपल्यापेक्षा एक तास मागे."

त्या दिवशी त्याने खुर्ची दाराबाहेर मांडली, थंडी असूनही. साधा बटणांचा फोन मांडीवर. संध्याकाळी मी दुकान बंद करताना तो तिथेच होता. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग एक मार्च उजाडला.

सकाळी मी दुकानात दोरे लटकवत होते. त्या दिवशी माझ्याकडेही लोक हसत येतात, वर्षातला तेवढा एकच दिवस. एवढ्यात त्रेंदाफिलका आली ती घरातल्या सपाता घालून, डोक्याचा रुमाल मागे घसरलेला, हातात फोन.

"मेतोदी! मी मेले?"

मेतोदी आतून बाहेर आला.

"काय झालं?"

"मला विचारतोस काय झालं? प्लामेनचा फोन! पोरगा ओक्साबोक्शी रडतोय, मी हॅलो म्हटलं तर म्हणाला, कोण बोलतंय! मी म्हटलं, तुझी आई. तर म्हणाला, ताई, अशी थट्टा करू नका, माझी आई आज गेली!"

तिच्यामागून आस्पारुह आला, काठी आपटत. तोही मेला होता. मग खालच्या आळीतल्या दोघी बहिणी आल्या, हातात हात घालून. दोघीही एकाच दिवशी मेल्या होत्या, आणि त्यातली धाकटी म्हणत होती, फोटो तरी बरा आलाय गं. गावात ज्याने ज्याने जिवंतपणी कागद करून ठेवला होता तो तो त्या सकाळी पानावर होता, काळ्या चौकटीत, आजच्या तारखेने. नव्या यंत्राला खरी तारीख माहीत होती. त्याने सांगितल्याप्रमाणे काम केलं होतं. घराघरांतून फोन वाजत होते. एका दारात बाई ओरडत होती, "जिवंत आहे रे, जिवंत! तुझी शपथ घेऊन सांगते!"

बोझिदार कचेरीतून धावत आला, शर्ट घामाने चिकटलेला. दुपारच्या आत त्याने पान उतरवलं, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं. सगळे त्याच्यावर तुटून पडले, मग मेतोदीवर, मग दोघांवर.

"जुनं होतं तेच बरं होतं," आस्पारुह म्हणाला. "त्याला काही कळत नव्हतं, पण त्याने कोणाला मारलं नाही."

"अहो, पण एक मार्च यांनी घातला होता!" बोझिदार रडकुंडीला आला. "मी तारखा नीट आहेत का विचारलं होतं!"

मेतोदी भिंतीला टेकून उभा होता. एरवी अशा वेळी तो दहा जणांना पुरून उरतो. गर्दी ओसरल्यावर बोझिदार त्याच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचाही होता त्यात."

"माझा?"

"सूटमधला फोटो."

 मेतोदीने विचारलं, "किती वेळ होता?"

"पहाटेपासून. मी काढला तोवर."

"म्हणजे मुर्सियात..."

"बघितला असेल, काका," बोझिदार म्हणाला. त्याला वाटलं आपण दिलगिरी सांगतोय. मेतोदी जाऊन खुर्चीत बसला आणि फोन मांडीवर ठेवला.

पुढचे दोन दिवस गावात मेल्याचीच चर्चा. प्लामेन मिळेल त्या विमानाने सोफियाला उतरला, तिथून टॅक्सी करून आला. फोनवरचं त्याला खरं वाटलं नव्हतं, आणि नंतर त्याचा फोन बंदच होता, त्यामुळे आई जिवंत आहे हे त्याला दारात कळलं. ती परसात मिरच्यांच्या रोपांची पेटी साफ करत होती. हातात त्याने फुलं आणली होती, मेलेल्याला आणतात तशी सम. त्रेंदाफिलकाने एक फूल काढून कुंपणावरून टाकलं, बाकीची विषम झालेली पाण्यात ठेवली, आणि त्याला जेवायला वाढलं. तो आधी आईवर ओरडला, कामावरून काढतील म्हणाला, मग सूप प्यायला आणि रडला. सहा वर्षांनी आला होता. त्रेंदाफिलका दोन दिवस त्याला घेऊन गावभर मिरवत होती. आस्पारुहची गत वेगळी. त्याच्या मुलीने त्याला फोनच केला नाही. शेजारणीला केला, आणि घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत तेवढं विचारलं. तो तेव्हापासून माझ्या दुकानापुढून जाताना मान वर करत नाही.

मेतोदी हे सगळं खुर्चीत बसून पाहत होता. येणारे जाणारे थट्टा करायचे, "काय रे, तुला कोणी रडलं की नाही?" तो म्हणायचा, "मला कोण रडतंय," आणि फोन चालू आहे ना ते बघायचा. मला त्याची दया येत होती, आणि दया आली की मला चीड येते. मी त्याला दोनदा म्हटलं, आत जा, न्यूमोनिया होईल, मग खरा कागद छापावा लागेल. तो हलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला, माझ्या दुकानातला.

"गिनामावशी? मी इस्क्रा. मेतोदीची."

मी हातातली कात्री खाली ठेवली. आवाज जाडसर झाला होता, पण तिचाच.

"एक हार हवा होता," ती म्हणाली. "लहानसाच. पण बरा दिसेल असा कर. पैसे पाठवते. रिबनवर काही लिहू नको, नाव नको."

मी दारातून बाहेर पाहिलं. मेतोदी खुर्चीतच होता.

"दफन झालं का गं?" तिने विचारलं. "तू होतीस?"

"इस्क्रा, अगं तो जिवंत आहे. नव्या यंत्राने घोळ घातला, गावातले सगळे म्हातारे एका दिवसात मारले. हा काय, बाहेर बसलाय."

पलीकडे लांबून एका लहान मुलाने स्पॅनिशमध्ये हाक मारली, तिने फोनवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं. नेव्हेनाला नातू झाला होता, आणि आमच्यात कोणाला माहीत नव्हतं.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

"तुझ्या फोनची वाट बघत बसलाय, थंडीत. देऊ त्याला?"

"नको."

"दोन शब्द बोल. आईच्या कागदावर तुझं नाव होतं, बघितलंस ना?"

"बघितलं. कोणी घातलं?"

"त्यानेच. दर वर्षी घालतो. दारावर लावतो."

"दारावर," ती म्हणाली. "त्याच्या कागदावर शोकाकुलात आईचं नाव होतं, मावशी. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं. ते वाचलं आणि वाटलं, एवढंही बघणारं कोणी उरलं नाही त्याच्याकडे. दोन दिवस विचार केला. म्हटलं, मेलाय, कोणाचा तरी हार जायला हवा."

"मग आता जिवंत आहे तर..."

"मला काही बोलायचं नाहीये त्याच्याशी. हार राहू दे. आणि मी फोन केला होता हे सांगू नको."

तिने फोन ठेवला. मी वळले तर मेतोदी माझ्या दारात उभा. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात तो त्याचा न वाजलेला फोन.

"कोण होतं?"

खोटं सांगता आलं असतं. विदिनचं गिऱ्हाईक म्हणता आलं असतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं की त्याने नाव ऐकलंय.

"इस्क्रा."

"काय म्हणाली?"

"तुझ्यासाठी हार सांगायला केला होता. मी सांगितलं, जिवंत आहेस."

"मग?"

"मग म्हणाली, हार राहू दे."

तो चौकट धरून उभाच राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, नाहीतर रडेल, आणि दोन्हींतलं काहीही केलं तरी मी त्याला आत घेऊन बसवणार होते. त्याने फोन खिशात टाकला.

"केवढा सांगितला होता?"

"मोठा," मी म्हटलं. "आहे त्यातला सगळ्यात मोठा."

त्याने मान हलवली. माझ्या भिंतीवर टांगलेल्या मोठ्या हाराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"बरं झालं तू सांगितलंस तिला," तो म्हणाला. "उगाच खर्चात पडली असती पोरगी."